ट्रेलरच्या गोलाईवर अ‍ॅल्युमिनिअमचा अँगल: आधी गोलाई मोजा, मग माल आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघांना झोपता येईल एवढा, थेंबाच्या आकाराचा कॅम्पिंग ट्रेलर तुम्ही नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात स्वतः बांधताय. बाजूच्या भिंती १८ मिमी मरीन प्लायच्या, ८ बाय ४ फुटांच्या शीटमधून कापलेल्या. छतावर १ मिमीचा अ‍ॅल्युमिनिअम पत्रा. छत आणि भिंत जिथे भेटतात त्या कडेवर लावायला तुम्ही २५ बाय २५ मिमीचा, १.२ मिमी जाडीचा, अ‍ॅनोडाइज केलेला (वर ऑक्साइडचा थर चढवलेला) अँगल, म्हणजे एल आकाराची पट्टी, आणलात. पुढच्या गोलाईवर तो हाताने वाकवला तर भिंतीवर बसणाऱ्या लेगला, म्हणजे त्या एलच्या एका बाजूला, लाटा आल्या, आणि मागे डिकीच्या झाकणाजवळ आकार जिथे आत वळतो तिथे तो तडकला. तापवून वाकवावा, रोलरवाल्याकडे द्यावा, की दुसऱ्या ग्रेडचा माल आणावा, असं तुम्ही विचारलंय.

बस बॉडी आणि दुकानांच्या दर्शनी कामांसाठी सेक्शन वाकवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून सविस्तर लिहितो. आच, रोलर, ग्रेड या तिन्हींचा उपयोग आहे, पण नंतर. तुमच्या गोलाईला २५ ची लेग फार रुंद पडते, हे पहिलं. ते बदललं नाही तर कितीही तापवा, त्रास तोच राहील.

कारण बघा. अँगलची एक लेग छतावर आडवी बसते. ती पट्टीसारखी चपटी वाकते, तिला काही होत नाही. दुसरी लेग भिंतीवर उभी लोंबते आणि तिला तिच्या रुंदीत वाकावं लागतं. तिची वरची कड मोठ्या वर्तुळावर असते आणि खालची कड लहान वर्तुळावर. तुमची पुढची गोलाई ३०० मिमी त्रिज्येची धरली तर पाव वर्तुळात वरच्या कडेची लांबी येते ४७१ मिमी. खालची कड २५ मिमी आत, म्हणजे २७५ च्या त्रिज्येवर, तिची लांबी ४३२. सरळ अँगलला दोन्ही कडा सारख्याच लांब होत्या. मग हे ३९ मिमी गेले कुठे? ते कुठेच जात नाहीत, म्हणून नेसताना उरलेल्या कापडाच्या निऱ्या व्हाव्यात तशा लेगला लाटा येतात.

आता यातली खरी गंमत. हे ३९ मिमी त्रिज्येवर अवलंबून नसतात. ३०० ची गोलाई असो वा ६०० ची, ९० अंशांच्या वळणात २५ मिमीची लेग ३९ मिमीच जादा देते. १.५७ गुणिले लेगची रुंदी, एवढाच हिशेब. त्रिज्या फक्त एवढं ठरवते की हे जादाचं धातू किती लांबीत जिरवायचं. ३०० ला ते ४७१ मिमीत जिरवायचं आहे, म्हणजे आठ टक्क्यांच्या पुढे. ६०० ला ९४२ मिमीत, म्हणजे चार टक्क्यांच्या जरा वर. आणि लेगच १२ मिमीची घेतलीत तर ३०० च्या गोलाईवरही जादा फक्त १९ मिमी, पुन्हा चारच टक्के. ट्रेलरचा आकार तुम्ही आता बदलणार नाही, प्लाय कापून झालंय. लेगची रुंदी मात्र अजून तुमच्या हातात आहे.

जाडीही तितकीच महत्त्वाची आहे. दाबलेली पट्टी लाटेत उसळते की मुकाट्याने जाड होते, हे रुंदी आणि जाडीच्या प्रमाणावर ठरतं. २५ रुंद आणि १.२ जाड म्हणजे प्रमाण वीसच्या पुढे. अशी लेग लाट मारणारच. १२ रुंद आणि १.५ जाड म्हणजे आठपट. ती बहुतेक वेळा दाब गिळून टाकते. त्यामुळे माझा सल्ला: २५ बाय १२ चा, दीड मिमी जाडीचा असमान अँगल घ्या. २५ ची लेग छतावर, १२ ची भिंतीवर. छतावरच्या लेगमधून स्क्रू सरळ प्लायच्या कडेत जातील. भिंतीवरची १२ मिमी पत्र्याची कापलेली कड आणि बुटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) झाकायला पुरते. भिंतीवर रुंद पट्टी दिसायला भक्कम वाटते हे मला कळतं, पण ती ताकदीची वस्तू नाही; तिचं काम पाणी बाहेर ठेवणं.

माल आणण्याआधी गोलाई खरी किती आहे ते मोजा. ड्रॉइंगमधल्या आकड्यावर जाऊ नका. जिगसॉने कापलेली आणि सँडरने घासलेली कड ड्रॉइंगशी क्वचितच जुळते. ४०० मिमीची सरळ पट्टी भिंतीच्या आकाराच्या हार्डबोर्ड टेम्प्लेटवर अशी ठेवा की तिची दोन्ही टोकं गोलाईला टेकतील, आणि मध्यावर पट्टीपासून गोलाई किती फुगली ते मोजा. पट्टीच्या लांबीचा वर्ग भागिले फुगवट्याची आठपट, अधिक फुगवट्याचा निम्मा. फुगवटा ७६ मिमी आला तर १,६०,००० भागिले ६०८ म्हणजे २६३, अधिक ३८, एकूण ३०१. त्रिज्या ३०० च्या आसपास. ही मोजणी गोलाईच्या तीनचार ठिकाणी करा. थेंबाच्या आकाराच्या ट्रेलरला एकच त्रिज्या नसते, पुढे घट्ट आणि छतावर सैल असते, आणि फर्मा, म्हणजे ज्याच्याभोवती पट्टी वाकवायची तो साचा, सगळ्यात घट्ट जागेसाठी लागतो.

आता ग्रेड. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनिअम सेक्शनच्या दुकानात जे मिळतं ते बहुतेक ६०६३ असतं. जुने लोक त्याला एचई-९ म्हणतात, भारतीय मानकात त्याचा नंबर ६३४००. खिडक्या-दारांचा माल हाच. पण नुसता ग्रेड विचारून भागत नाही, टेंपर, म्हणजे माल किती कडक केलाय ते, विचारा. टी-५ आणि टी-६ हे भट्टीत ठेवून कडक केलेले असतात, आणि ओढल्यावर साधारण ८ ते १२ टक्के लांब होऊन तुटतात. टी-४ कडक न केलेला, तो यापेक्षा बराच जास्त ताणला जातो. किरकोळ दुकानात टी-४ सहसा मिळत नाही, एक्सट्रूजनवाल्याला आधी सांगून ठेवावं लागतं, आणि तुम्हाला लागणाऱ्या दोनचार पट्ट्यांसाठी कोणी ते करणार नाही. ६०६१ किंवा ६०८२ कोणी ‘जास्त मजबूत’ म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. मजबूत आहेत, म्हणूनच वाकवायला वाईट. टी-५ मधला साधा ६०६३ मिल फिनिश, म्हणजे वर कुठलाही थर न चढवलेला, घ्या, आणि गरज पडेल तिथे नरम करा.

मिल फिनिशच का, तेही सांगतो. अ‍ॅनोडाइजचा थर म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमचं ऑक्साइड, काचेसारखं ठिसूळ. तुमच्या तडकलेल्या तुकड्यावर उन्हात तिरकं बघा, चिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक जाळी दिसेल. धातू फाटायच्या कितीतरी आधी तो थर फुटलेला असतो. म्हणून क्रम असा: आधी वाकवणं, मग ट्रेलरवर लावून जुळवणं, मग भोकं, मग कानस मारून कडा साफ करणं, आणि शेवटी पावडर कोटिंग किंवा अ‍ॅनोडाइजिंग. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची असते. ६०६३ ला कडक करायचं तापमानही जवळपास तेवढंच, त्यामुळे कोटिंगमुळे पट्टी नरम पडेल ही भीती नको. पण एकदा कोट झालेली पट्टी पुन्हा वाकवायची नाही.

मागचा आत वळणारा भाग वेगळा आहे आणि त्याला वेगळं वागवावं लागतं. पुढे भिंतीची लेग वर्तुळाच्या केंद्राकडे असते, म्हणून दाबली जाते. मागे वळणाचं केंद्र ट्रेलरच्या बाहेर, तर लेग आतल्या बाजूला, म्हणजे केंद्रापासून दूर. तिची खालची कड आता ओढली जाते. २०० च्या त्रिज्येवर २५ ची लेग म्हणजे कोपऱ्याच्या मानाने तिला साडेबारा टक्के लांब व्हावं लागतं. कोपराही थोडा दबतो म्हणून प्रत्यक्षात नऊएक टक्क्यांवर भागतं, पण टी-५ ला नऊ टक्के म्हणजे फाटायच्या उंबरठ्यावर. त्यात कापताना राहिलेली खरबड किंवा आधीच पाडलेलं एखादं भोक असेल तर चीर तिथूनच सुटते. दाबल्या जाणाऱ्या लेगला लाट येते, ती परत ठोकता येते. ओढल्या जाणाऱ्या लेगला चीर पडते, तिच्यावर इलाज नाही. म्हणून मागच्या भागाला अँगल नरम करून घेणं जवळपास सक्तीचं, आणि कडेवर कानस, मग बारीक पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने फिरवून ती गुळगुळीत करणंही. आणि वाकवण्याआधी एकही भोक पाडायचं नाही.

नरम करण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक पट्ट्या वितळवून बसतात. लोखंड तापलं की लाल होतं आणि सांगतं की मी तापलोय. अ‍ॅल्युमिनिअम काहीच सांगत नाही. ६०६३ साधारण ६१५ अंशांना वितळायला लागतं आणि तोपर्यंत दिवसाउजेडी त्याचा रंग बदललेला दिसत नाही. ठीक दिसतंय ठीक दिसतंय म्हणता म्हणता एकदम लोंबतं. तुम्हाला हवेत ३५० ते ४०० अंश. ते ओळखायची घरगुती खूण म्हणजे कपडे धुण्याचा साधा बार साबण. पट्टी पुसून कोरडी करा, दोन्ही लेगवर आतून-बाहेरून साबणाच्या रेघा ओढा, आणि एलपीजीच्या टॉर्चने मागच्या बाजूने आच द्या. रेघ आधी पिवळट पडते, मग तपकिरी होते, मग काळपट. काळपट तपकिरी दिसली की टॉर्च पुढे सरकवायचा. आच एका जागी थांबता कामा नये, हात सतत फिरता हवा, आणि पातळ कडेपेक्षा कोपऱ्यावर जास्त वेळ द्यायचा, कारण कड लवकर तापते. एका वेळी २०० ते २५० मिमीचा टप्पा घ्या, पुढचा टप्पा आधीच्यावर थोडा चढवून. काम सावलीत करा, उन्हात रेघेचा रंग कळत नाही. ऑक्सिअ‍ॅसिटिलिन असेल तर काजळीची युक्ती चालते: नुसत्या अ‍ॅसिटिलिनच्या धुरकट ज्योतीने पट्टीवर काजळी धरायची, मग ज्योत नेहमीसारखी करून काजळी उडेपर्यंत तापवायचं. पण तुमच्या दीड मिमीच्या पट्टीला ती ज्योत फार जालीम आहे. एलपीजी बरा.

गार करायला पट्टी तशीच हवेत ठेवा. पाणी मारलंत तरी चालतं, पण तापमान चुकून वर गेलं असेल तर पाण्याने झटकन गार केलेला ६०६३ पुढच्या काही दिवसांत आपोआप थोडा कडक होत जातो. म्हणून नरम केलेली पट्टी त्याच दिवशी वाकवून मोकळं व्हा. वाकवता वाकवताही ती कडक होत जाते. हाताला जोर लागू लागला की थांबा आणि पुन्हा तापवा. ओढल्या जाणाऱ्या बाजूवर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत पोत दिसू लागला तर धातू संपत आलाय असं समजा. तिथून पुढे एक मिलिमीटरही नाही.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. रंग किंवा पावडर कोट असलेली पट्टी तापवू नका, तो धूर छातीत घ्यायचा नसतो. आणि पट्टी ट्रेलरवर बसवून तिथेच टॉर्च मारायचा मोह अजिबात धरू नका. तुमच्या भिंतीत थर्माकोल किंवा फोमचं इन्सुलेशन आहे, बुटाइल आहे, प्लाय आहे. पत्र्याआड धुमसलेली आग बाहेरून दिसत नाही.

आता फर्मा. खरं काम इथे आहे आणि मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो. १८ मिमीच्या प्लायमधून चकतीचा पाव भाग किंवा जरा जास्त कापा. त्याची गोल कड म्हणजे तुमची गोलाई. छताची लेग या कडेला बाहेरून टेकणार, भिंतीची लेग चकतीच्या सपाट तोंडावर केंद्राकडे झोपणार. त्या झोपलेल्या लेगवर तशाच आकाराची दुसरी प्लायची चकती ठेवायची आणि दोन्ही बोल्टने आवळायच्या. मध्ये आतल्या बाजूला त्याच अँगलच्या कापलेल्या तुकड्यांचे स्पेसर, त्यावर एकेक व्हिजिटिंग कार्ड. म्हणजे लेगसाठी तिच्या जाडीपेक्षा केसभर मोठी फट तयार होते. या फटीत लेगला वर उसळायला जागाच नसते, त्यामुळे ते जादाचं धातू लाट होण्याऐवजी जागच्या जागी जाड होतं. फटीला आतून मेणबत्ती चोळा. 

अँगल हातभर जादा लांब घ्या. टोकाचे दीडएकशे मिमी कधीच नीट वाकत नाहीत, आणि तेच टोक तुमचा दांडा असतो. एक टोक सी-क्लॅम्पने फर्म्याला धरा, दुसरं ओढत फर्म्याभोवती गुंडाळा, आणि पुढे जाल तसा नवा क्लॅम्प लावत चला. प्रत्येक टप्प्यावर छताच्या लेगवर लाकडी मोगरीने हलके, जवळजवळ ठोके. लोखंडी हातोडी नको, तिचा प्रत्येक वळ कोटिंगमधून दिसतो. हा ठोका वाकवण्यासाठी नाही, वाकलेलं फर्म्यावर बसवण्यासाठी आहे. वाकवायचं काम हाताच्या ओढीनेच व्हायला हवं. दोन माणसं लागतात. एकाने ओढायचं, दुसऱ्याने क्लॅम्प आणि मोगरी.

फर्मा किती लहान घ्यायचा? सोडली की पट्टी थोडी उलगडतेच. कडक टी-५ ला फर्म्याची त्रिज्या दहाएक टक्के कमी धरून सुरुवात करा, नरम केलेल्याला तीन ते पाच टक्के. पण हे फक्त सुरुवातीचे अंदाज आहेत. त्याच पट्टीचा अर्ध्या मीटरचा तुकडा आधी वाकवून सोडा, वर सांगितल्याप्रमाणे त्रिज्या मोजा, आणि त्या प्रमाणात फर्म्याची कड घासा. पुढची गोलाई डावी आणि उजवी अशी दोनदा लागते, आणि उजव्या बाजूला अँगल आरशातल्यासारखा उलटा होतो. फर्मा उलटवून वापरता यावा म्हणून बोल्टची भोकं दोन्ही बाजूंनी सारखी ठेवा.

मागच्या आत वळणाऱ्या भागाला फर्मा उलटा लागतो. तिथे लेग चकतीच्या तोंडावर बसत नाही, बाहेरच्या दिशेला पसरते. प्लायच्या मोठ्या पाटावर चकती ठोका, छताची लेग चकतीच्या कडेला आणि भिंतीची लेग पाटावर सपाट अशी धरा. तिथे लेगला कोंडायची फारशी गरज नसते, ओढ सावकाश हवी एवढंच.

रोलरबद्दल. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, तिकडे ठाण्यात वागळे इस्टेट, इकडे सेक्शन रोल करून देणारे मिळतात, आणि मोठ्या त्रिज्येसाठी, म्हणजे छताच्या सैल भागासाठी, त्यांच्याकडेच द्यावं. हाताने ती एकसारखी गोलाई येत नाही. पण विचारून जा. भिंतीची लेग ज्या खाचेत बसेल असे रोलर त्यांच्याकडे आहेत का? नुसत्या गोल रोलरवर लेग आत ठेवून वाकवली तर लाट येणारच. खाचेचा रोलर तेच काम करतो जे तुमच्या फर्म्यातली फट करते. तीन रोलरच्या मशीनवर दोन्ही टोकं सरळ राहतात, म्हणून तिथेही लांबी जादा न्या. तोंडी त्रिज्या सांगू नका, हार्डबोर्डचा टेम्प्लेट हातात द्या. आणि रोलर पुसून घ्यायला लावा. दिवसभर त्याच रोलरवर लोखंडी अँगल चाललेले असतात, त्यांचा कीस अ‍ॅल्युमिनिअममध्ये रुततो आणि पावसाळ्यात नेमका तिथेच गंजाचा ठिपका उमटतो. पट्टीवर मास्किंग टेप लावून नेली की निम्मा प्रश्न मिटतो.

एखादी गोलाई इतकी घट्ट असेल, समजा १०० मिमीच्या आतली, की १२ ची लेगही ऐकत नाही, तर काय? बरेच लोक लेगमध्ये त्रिकोणी काप घेतात. तांत्रिकदृष्ट्या ते होतं: काप संपतो त्या टोकाला आधी ३ मिमीचं भोक पाडायचं म्हणजे चीर पुढे जात नाही, आणि सगळ्या कापांच्या तोंडांची बेरीज त्या वळणाच्या जादा लांबीएवढी हवी. पण मला ते पसंत नाही. पट्टी गोल न दिसता कोनाकोनाची दिसते आणि प्रत्येक काप म्हणजे पाण्याला वाट. त्यापेक्षा तेवढ्याच भागात दोन तुकडे करा. भिंतीवरची पट्टी २ मिमीच्या पत्र्यातून राउटर किंवा लेझरवर त्या आकाराचीच कापून घ्या, आणि छतावर साधी चपटी पट्टी वाकवून तिच्यावर चढवा. पत्रा वाया जातो, पण त्या पट्टीला वाकवावंच लागत नाही. बस बॉडीच्या सामानात खाचेचं बीडिंग (कड झाकायची पट्टी) हीही मिळतं; त्याच्या खाचेत स्क्रू बसवून वरून पीव्हीसीची पट्टी दाबतात, त्यामुळे स्क्रूची डोकी झाकली जातात. ते घेतलंत तर पीव्हीसी ताणून भरू नका, सैल भरा आणि टोकाला बोटभर जादा सोडा. उन्हाने ती आक्रसते.

बसवण्याचं थोडक्यात, कारण खाडीची हवा आणि अडीच हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस कोणाची गय करत नाही. आधी प्लायची कापलेली कड इपॉक्सीने दोनदा बंद करा. मरीन प्लायला कीड-बुरशी लागू नये म्हणून भरलेल्या औषधात बहुधा तांब्याचे क्षार असतात, आणि ओल्या तांब्याच्या शेजारी अ‍ॅल्युमिनिअम पांढरं पावडर होत खाऊन जातं. पट्टीखाली बुटाइल टेप, सिलिकॉन नाही. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तर मुळीच नाही, तो आम्ल सोडतो. स्क्रू स्टेनलेसचे, ३.५ मिमीचे, गाडी खाडीकाठी उघड्यावर उभी राहणार असेल तर ३१६ ग्रेडचे घ्या, नाहीतर ३०४ चे चालतात. पितळी स्क्रू नकोत. प्लायच्या कडेत आधी २.५ मिमीचं भोक पाडा, नाहीतर थर फुटतात.

पट्टीतली भोकं मात्र ४.५ मिमीची ठेवा. अ‍ॅल्युमिनिअम दर मीटरला दर अंशाला ०.०२३ मिमी वाढतं. १२ फुटी पट्टी मे महिन्याच्या उन्हात ६५ अंशांवर तापली आणि अचानक पावसाच्या सरीने २५ वर आली तर साडेतीन मिमीच्या जवळपास आखडते. प्लाय तापमानाने तेवढं हलत नाही. भोकं घट्ट असतील तर दोनतीन पावसाळ्यांत स्क्रू प्लायमध्ये ढिले होतात, आणि पाणी तिथून आत शिरतं. पहिला स्क्रू छताच्या मध्यावर मारा आणि तिथून आलटून पालटून पुढे-मागे जा. सरळ भागात १२५ ते १५० मिमीवर, गोलाईवर ७५ वर. सांधा आलाच तर तो गोलाईवर नको, मागच्या उतारावर घ्या, वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढवून. पट्टीची खालची टोकं बंद करू नका. आत शिरलेल्या थेंबाला बाहेर पडायला तीच जागा असते.

बुटाइल एक दिवस बसू द्या, मग स्क्रू पुन्हा एकदा हलके आवळा. बाहेर दाबून आलेला टेप प्लास्टिकच्या पट्टीने काढा, चाकूने नको. नंतर पाइप घेऊन पाणी मारा, पण वरून नाही. खालपासून सुरू करा, पाचपाच मिनिटं एका उंचीवर, आणि आत कोणीतरी विजेरी घेऊन बसलेलं हवं. वरून मारलंत तर पाणी सगळीकडून एकदम ओघळतं आणि गळती नेमकी कुठल्या स्क्रूची हे कळत नाही.